चौकट : मुंबईचा पाऊस कोणत्या मापाने मोजायचा?

26 जुलै 2005. सांताक्रूझ : 24 तासांत 944 मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाबा : जेमतेम 74. म्हणजे ‘मुंबईत अमुक इतका पाऊस’ हा आकडा निदान त्या दिवशी तरी निरर्थक होता. 1 मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी धरतात. नाल्याला मात्र हा दिवस ठाऊक नसतो, त्याचा हिशेब तासाचा. शहराचे जुने नाले ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी गृहीत धरून बांधलेले. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखड्यात ही क्षमता 50 वर नेण्याचे ठरले. मग 944 भागिले 24, म्हणजे ताशी सुमारे 39. पन्नासच्या नाल्यांना ते पेलायला हवे, असे कोणी म्हणेल. पण ही सरासरी फसवी आहे. त्या दिवशी बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला आणि समुद्राला भरती होती.

भरतीत अनेक नाल्यांची तोंडे पाण्याखाली जातात. झडपा लावल्या तर समुद्र आत येत नाही, पण पावसाचे पाणीही बाहेर जात नाही. ते उपसून टाकायला हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे पंप बसवले आहेत. तेव्हा पंप असताना भरतीची चिंता कशाला? कारण पाणी आधी पंपापर्यंत पोचावे लागते, आणि वाटेतला नाला गाळ-प्लास्टिकने अर्धा भरला असेल तर कागदावरचे 50 कागदावरच राहतात.