परदेशी पार्सलवरचा कर

परदेशी संकेतस्थळावरून मागवलेल्या वस्तूवर भारतात आयात शुल्क लागते. वस्तू घरच्या वापरासाठी आहे, एकच आहे, स्वस्तातली आहे, म्हणून ती सुटत नाही. 1962च्या सीमाशुल्क कायद्यातली सूट एवढीच, की आकारणी 100 रुपये किंवा त्याहून कमी येत असेल तर ती वसूल करू नये.

ग्राहकाचा हिशेब बहुधा पहिल्याच पायरीवर फसतो. शुल्क केवळ किमतीवर बसत नाही. वाहतूक आणि विम्याचा खर्चही मूल्यात धरला जातो. समजा, वस्तू 8,400 रुपयांची, वाहतूक 1,500 आणि विमा 100. मूल्य झाले 10,000. मूळ सीमाशुल्क 10 टक्के धरले तर 1,000 रुपये. या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 100. आता 11,100 रुपयांवर 18 टक्के आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर): 1,998 रुपये. एकूण 3,098. यातला शेवटचा कर आधीच्या करावरही बसतो, हे पावती नीट वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही. दर वस्तूनुसार आणि अर्थसंकल्पागणिक बदलतात, क्रम मात्र हाच. कुरिअर कंपनी ही रक्कम आधी स्वतः भरते आणि दारात वसूल करते. वर तिचे सेवाशुल्क वेगळे.

पूर्वी एक पळवाट होती. 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्क माफ असे. चीनमधल्या काही विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेले कपडेही ‘भेट’ म्हणून धाडायला सुरुवात केली. 12 डिसेंबर 2019 रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने टपाल वा कुरिअरने येणाऱ्या मालाला भेट म्हणून मिळणारी ही सूट बंद केली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र नाही, असेही अधिसूचनेत बजावले आहे! पूर्ण शुल्क भरून भेट मागवायला अर्थातच आडकाठी नाही.

अशी सवलत दुसरीकडेही गेली, आणि त्याचा फटका इथून पार्सल पाठवणाऱ्यांना बसला. अमेरिकेत 2016पासून 800 डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना येई. 29 ऑगस्ट 2025 रोजी ही सवलत सर्व देशांसाठी थांबली. शुल्क कोणी आणि कसे वसूल करायचे याचा घोळ झाला आणि भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची सेवा स्थगित करावी लागली. ती 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 तारखेला होते. टपालाने तिकडे फराळ पाठवणाऱ्यांची दिवाळी हुकलीच.

भारतात वस्तू मागवताना शुल्क विक्रेता ऑर्डरच्या वेळीच घेणार की दारात द्यायचे, हे आधी पाहिलेले बरे. वस्तू पसंत न पडल्यास विक्रेता किंमत परत करील, शुल्क नाही. न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत परत परदेशी पाठवल्यास सीमाशुल्क कायद्याच्या कलम 74 खाली 98 टक्के शुल्क परत मागता येते. त्यासाठी परत जाणारी वस्तू तीच आहे, हे सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे सिद्ध करावे लागते. एका बुटाच्या जोडासाठी इतका खटाटोप सहसा कोणी करत नाही.