अंग कमवावे आणि जन्मभर राखावे

विहिरीचा उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की गाळ साचतो. नांगराचा फाळ जमिनीत चालला की चकचकीत राहतो. वळचणीला पडला की गंजतो. आपल्या शरीराचेही असेच आहे. वापरले तर राहते, टाकले तर जाते.

पण फाळात आणि अंगात एक मोठा फरक आहे, बरं का. फाळ चालवला की झिजतो. अंग बेताने चालवले की उलट वाढते! हे कसे घडते, ते आज आपण पाहू.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला?

पुष्कळ लोक आम्हाला विचारतात, "अहो, आम्ही दिवसभर रानात राबतो. आम्हाला आणखी व्यायाम कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. पण जरा मागचे दिवस आठवा. आपल्या आज्या पहाटे उठून जात्यावर दळत. विहिरीचे पाणी डोईवर आणत. आजोबा मोटेवर जात, बाजाराला चालत जात. आता दळण गिरणीत होते. पाणी पंपाने चढते. नांगरट ट्रॅक्टर करतो आणि बाजाराला मोटारसायकल नेते. हे चांगलेच झाले. कष्ट वाचले. पण कष्टाबरोबर अंगाची हालचालही गेली. जेवण मात्र तेवढेच राहिले, आणि त्यात गोड चहाची भर पडली.

दुसरे असे की, रानातले काम सगळ्या अंगाला सारखे लागत नाही. खुरपणीत कंबर तासन् तास वाकलेली राहते. एकच भाग दुखेपर्यंत राबतो आणि दुसरा भाग तसाच राहतो. शिवाय सुगीत काम फार, उन्हाळ्यात थोडे. म्हणून कष्टाच्या जोडीला थोडा नेमाचा व्यायाम हवाच.

अंगात काय घडते?

आपण हात वाकवला की दंडाची बेटकुळी वर येते. तो स्नायू. स्नायू हाडांना ओढतात, म्हणून आपण उठतो, चालतो, ओझे उचलतो.

नेहमीपेक्षा थोडे जास्त काम पडले की स्नायूंवर ताण येतो. मग विसावा घेताना, विशेषतः झोपेत, शरीर त्यांची डागडुजी करते. ती करताना त्यांना पहिल्यापेक्षा थोडे मजबूत बांधते. म्हणजे तीन गोष्टी लागतात. काम, खाणे आणि झोप. यातली एक जरी कमी पडली तरी बांधकाम अडते.

काम बंद पडले तर शरीर म्हणते, "एवढा स्नायू पोसायचा कशाला?" मग तो बारीक होऊ लागतो. चाळिशीनंतर ही गळती हळूहळू होत असते. साठीनंतर ती वाढते. व्यायामाने ती पुरती थांबत नाही. पण पुष्कळ कमी होते.

औंधच्या राजांचा नेम

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात औंध गाव आहे. तिथे पूर्वी संस्थान होते. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी 1868 साली जन्मले. चाळिशीच्या सुमारास त्यांनी सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली. आणि धरलेला नेम पुढे सोडला नाही. आपल्या संस्थानातल्या शाळांतही त्यांनी नमस्कार सुरू केले. नमस्कारांवर पुस्तक लिहिले. 1951 साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय 82 वर्षांचे होते.

राजे होते म्हणून त्यांना जमले, असे म्हणू नका. नमस्काराला काय लागते? अंगाएवढी जागा आणि थोडा वेळ. पैसा लागत नाही. ध्यानात घ्यायची गोष्ट म्हणजे त्यांचा नेम. चार दिवस शंभर नमस्कार घालून पाचव्या दिवशी अंथरूण धरण्यापेक्षा रोज दहा घालणारा पुढे जातो.

आपण काय करावे?

पहिले, चालणे. रोज अर्धा तास भरभर चालावे. भरभर म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके.

दुसरे, पायांचे बळ. खाटेच्या काठावर बसा. हात छातीशी धरा. हातांचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. असे दहा वेळा करा. हे सोपे वाटू लागले की बैठका काढा.

तिसरे, हातांचे आणि छातीचे बळ. जमिनीवर जोर काढणे जमत नसेल तर भिंतीला हात टेकून काढा. मग ओट्याला टेकून. मग जमिनीवर. एकेक पायरी चढा.

चौथे, तोल. भिंतीजवळ एका पायावर उभे राहा. मनात दहा आकडे मोजा. मग पाय बदला.

पाय, हात आणि छाती यांची मेहनत आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून करावी. आठवड्याला एक-दोन वाढवावे. एकदम फार करू नये. छातीत दुखले, दम कोंडला, घेरी आली, तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. हृदयाचा विकार असेल, रक्तदाब असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

काय खावे?

घर बांधायला विटा लागतात. स्नायू बांधायला प्रथिने लागतात. मोठ्या माणसाने वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिने खावीत. म्हणजे 50 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम.

ही कुठून आणायची? महागड्या डब्यांतून नव्हे. आपल्याच घरातून. हिशेब पाहा.

300 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे 30 ग्रॅम.
50 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 11 ग्रॅम.
मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 7 ग्रॅम.
पावशेर दुधात सुमारे 8 ग्रॅम.

बेरीज झाली 56. पुरले की नाही? अंडे खाणाऱ्याला एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात.

पण नुसत्या भाकरीवर भागवू नका. ज्वारीच्या प्रथिनांत जो अंश कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर आमटी, पिठले, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे यांतले काही तरी पाहिजेच. वर एखादी पालेभाजी आणि ताक.

आणि घरातल्या बाईच्या ताटाकडेही पाहा. सगळ्यांचे झाल्यावर तिच्या वाट्याला भाकरी आणि तळाची पातळ आमटी येते. तिलाही स्नायू आहेत, हाडे आहेत. तिची डाळ, तिचे दूध आधी बाजूला काढून ठेवावे.

आता साखरेचा हिशेब. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर. झाले दहा चमचे, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम. महिन्याची दीड किलो! ती साखर स्नायू बांधत नाही. ती चरबी वाढवते. चहा निम्म्यावर आणा.

मेहनत सुटली, खुराक राहिला

तालमीतली पोरे शेकड्यांनी जोर-बैठका काढतात. त्यांना दूध, तूप, बदाम पचतात. पुढे लग्न होते, नोकरी लागते, तालीम सुटते. खुराक मात्र तोच राहतो. मग पोट सुटते, गुडघे दुखतात, साखरेचा विकारही जडू शकतो. लोक म्हणतात, "कमावलेल्या अंगाची चरबी झाली." तसे नसते. स्नायूची चरबी होत नाही. न वापरल्याने स्नायू आटतो आणि जास्तीच्या खाण्याची चरबी वेगळी साठते. म्हणून मेहनत कमी झाली की खुराकही कमी करावा. आणि मेहनत पुरती कधीच सोडू नये.

आता वय झाले, आता काय उपयोग?

असे म्हणणाऱ्यांना आम्ही एक हकिगत सांगतो. अमेरिकेत बॉस्टन शहरी डॉक्टरांनी नव्वदीच्या आसपासच्या काही वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याची मेहनत दिली. जपून, देखरेखीखाली. ही माहिती 1990 साली छापून आली. त्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांचे बळ सरासरी दुपटीपेक्षा जास्त झाले! नव्वदीत स्नायू ऐकतात, तर साठीत का ऐकणार नाहीत?

याची गरज केवढी आहे, ते ध्यानात घ्या. पायांत बळ नसले की म्हातारपणी माणूस न्हाणीत घसरतो. खुब्याचे हाड मोडते. मग कित्येकांचे चालणे कायमचे तुटते. उठायला सून हवी, संडासला न्यायला मुलगा हवा. आपले आपण उठता येणे हीच म्हातारपणाची खरी अब्रू आहे. ती बाजारात विकत मिळत नाही. मुलगा किंवा सून ती आपल्यासाठी कमावू शकत नाही. ती ज्याची त्यानेच रोज थोडी थोडी कमवायची असते.

तेव्हा हे पान वाचून झाले की खाटेच्या काठावर बसा. हात छातीशी धरा आणि उठून पाहा. किती वेळा जमले, ते पाटीवर लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा. आकडा वाढलेला दिसला की समजा, अंग ऐकू लागले.