पक्ष्याने मान वर केली, की थांबा

हिवाळ्यात सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांमध्ये गळ्यात कॅमेरा अडकवलेली मंडळी हमखास दिसतात. पाण्यात वारकरी आणि हळदी-कुंकू बदके, काठच्या चिखलात लांब पायांचे शेकाटे, दगडादगडावर शेपटी हलवत पळणारा धोबी. घराजवळ हात बसला की सुट्टीत कळंबा तलाव, राधानगरी, दाजीपूर, आंबोली असे दौरे सुरू होतात. छंद चांगला आहेच, शिवाय तब्येतीलाही मानवणारा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे १३०० जणांच्या मोबाइलवरील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसल्यावर किंवा त्यांचा आवाज ऐकल्यावर लोकांची मनःस्थिती सुधारलेली आढळली आणि हा परिणाम काही तास टिकला. नैराश्य असलेल्यांमध्येही तो दिसला.

म्हणजे पक्षी भेटल्याने माणसाला बरे वाटते. पक्ष्याला मात्र माणूस भेटल्यावर काय वाटते, हे त्याच्या हालचालींवरून ओळखावे लागते.

माणूस जवळ येऊ लागला की पक्षी लगेच उडत नाही. आधी तो चरणे थांबवतो, मान ताठ करतो, अंग आवळून घेतो. नंतर दोन पावले दूर सरकतो आणि शेवटी उडतो. छायाचित्रकाराला फक्त शेवटची पायरी दिसते, पण पक्ष्याचे नुकसान पहिल्या पायरीपासूनच सुरू झालेले असते. मान वर करून बसलेला पक्षी खात नसतो. थंडीत पाहुणे म्हणून आलेल्या धोब्याला परतीच्या लांब प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. दिवसभरात दहा जणांनी त्याला दहा वेळा उठवले, तर साठवायची ती ऊर्जा उगाच खर्च होते.

विणीच्या काळात हा हिशेब आणखी कडक होतो. टिटवी उन्हाळ्यात मुरमाड माळावर, उघड्या जमिनीवर अंडी घालते. रंगाने ती खड्यांसारखीच दिसतात. कडक उन्हात टिटवी अंडी उबवण्यापेक्षा ती तापू नयेत म्हणूनच अधिक धडपडते. कधी अंगाची सावली धरते, तर कधी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते. डोक्यावर घिरट्या घालत ती ओरडू लागली, तर ते छायाचित्राचे निमंत्रण नव्हे. आपण अंड्यांजवळ उभे आहोत आणि ती उन्हात उघडी पडली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी आलेल्या वाटेने, पायाखाली बघत मागे फिरावे.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढ्यात आणणे ही आणखी एक वाईट सवय. विणीच्या काळात नराला तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा वाटतो. चारा शोधणे, पिलांना भरवणे सोडून तो नसलेल्या शत्रूशी झुंजायला येतो. चित्र मिळते, पण ते घाबरलेल्या किंवा चिडलेल्या पक्ष्याचे असते.

कोल्हापूरकरांना यातला एक संदर्भ जवळचा वाटेल. राधानगरी-दाजीपूरचे जंगल एकेकाळी संस्थानाचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये गव्यांसाठी ते अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे चांगलेच झाले. तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. पक्ष्याला मारणे किंवा पकडणे तर तिच्यात येतेच, पण वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते. घरटे नीट दिसावे म्हणून आडवी फांदी वाकवणारा हात या व्याख्येपासून फार लांब नसतो.

मग जवळ न जाता चित्र कसे मिळवायचे? पक्षी चालत येणाऱ्या माणसाला जितके घाबरतात, तितके थांबलेल्या गाडीला सहसा घाबरत नाहीत. इंजिन बंद करून काच खाली घ्यावी, कॅमेऱ्याखाली टॉवेलची घडी ठेवावी. पायी असाल तर सरळ पक्ष्याच्या रोखाने न जाता तिरके, थांबत थांबत जावे आणि शक्यतो खाली बसावे. सूर्य पाठीशी असावा. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडत्या पक्ष्यासाठी दोन हजाराव्या भागापर्यंत जावे लागते. लेन्स लहान असेल तर पक्षी चौकटीत लहान दिसू द्यावा. भोवतीचे पाणी, गवत, झाड हीसुद्धा माहितीच आहे.

ही माहिती वाया जात नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात देशातील ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर. त्यांत बहुसंख्य हौशीच होते. दीर्घकालीन कल सांगता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जातींची संख्या घटल्याचे त्यातून कळले. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेले साधे, किंचित धूसर चित्रही अशा कामात ओळख पटवायला उपयोगी पडते. घरट्याचे किंवा घुबडाच्या ढोलीचे नेमके ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये. एकाने टाकले की पुढच्या रविवारी तिथे वीस जण उभे असतात.

चित्र चांगले आले की नाही, हे घरी येऊन पडद्यावर कळते. ते चांगल्या रीतीने काढले की नाही, हे तिथेच कळते. आपण निघालो तेव्हा पक्षी आपण येण्याआधी जे करत होता, तेच करत होता का, एवढे मागे वळून पाहावे.