वादक हा कामगार असतो का?

 

आज आपण चित्रपटात वाजवणाऱ्या वादकांच्या संघटनेविषयी बोलणार आहोत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. कारण या संघटनेच्या इतिहासात एक जुना प्रश्न दडलेला आहे: कलावंत हा कामगार असतो का? दुसरं कारण आपल्या गावाचं. सिनेमा आणि मालिकांच्या धंद्यावर पोट असलेली कितीतरी कुटुंबं मीरा-भाईंदरमध्ये राहतात. व्हायोलिनची पेटी किंवा खोळीतली ढोलक सांभाळत लोकलमध्ये उभा असलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला विचारलं, ‘काय करता?’, तर तो ‘म्युझिशियन आहे’ म्हणेल. ‘कामगार आहे’ असं सहसा म्हणणार नाही.

हा संकोच समजून घेऊ. आपल्याकडे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मिळते ती बिदागी. गिरणीत मिळते ती मजुरी. बिदागीत मान आहे, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कमी मिळाली तर तक्रार कुठे करणार? मजुरीत तो मान नाही, पण हक्क आहे; ती थकली तर मागता येते. वादकांना मान सोडायचा नव्हता आणि हक्क तर हवाच होता. त्यांची संघटना या ओढाताणीतून उभी राहिली.

आता इतिहास बघू. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’. तो काळ कंपन्यांचा. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज अशा ठिकाणी नट, तंत्रज्ञ आणि वादकसुद्धा महिन्याच्या पगारावर असत. पगार मोठा नसेल, पण मालक एक होता आणि तो समोर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही व्यवस्था मोडली. स्वतंत्र निर्माते आले. एकाच सिनेमापुरती पैशांची जुळवाजुळव करायची, स्टुडिओ भाड्यानं घ्यायचा आणि वादकांना रेकॉर्डिंगपुरतं बोलवायचं. म्हणजे आठवड्यात चार मालक. वादक मोकळा झाला, आणि एकटाही पडला. शिफ्ट लांबली तर जादा पैसे कोण देणार? सिनेमा डब्यात गेला तर थकलेले पैसे कुणाकडे मागायचे?

याच काळात वाद्यवृंद मोठे होत होते. ‘आन’साठी (१९५२) नौशाद यांनी शंभर वादक बसवले असं सांगतात. गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले वादक धोबीतलावच्या कुडांमधून राहत. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेली सामायिक बिऱ्हाडं. त्यांच्या शेजारी सतार, सारंगी, तबला वाजवणारे घराण्यांतले लोक बसत. आपले सी. रामचंद्र आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी ‘अलबेला’त (१९५१) काय रंगत आणली ते आपण जाणतोच. भाषा वेगळी, धर्म वेगळा, स्वर लिहिण्याची रीत वेगळी. पण शिफ्ट एकच आणि अडचणही एकच. संघटना होण्याला याहून अधिक काय लागतं?

कायदा लागतो. आणि तो कसा आला, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी मद्रासच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. पुढे संप झाल्यावर मालक कोर्टात गेले आणि कोर्टानं संघटनेच्या नेत्यांवर मनाई हुकूम बजावला. कामगारांना एकत्र येऊन काम थांबवा म्हणणं म्हणजे कराराचा भंग घडवून आणणं, असा तो युक्तिवाद. संघटना म्हणजे जवळजवळ कटच! त्यानंतर नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली केंद्रीय विधिमंडळात ठराव आणला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. किमान सात जण एकत्र येऊन नोंदणी करू शकतात, आणि नोंदलेल्या संघटनेचं कायदेशीर काम कट ठरत नाही, ही या कायद्याची मोठी देणगी. आज तो कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झालेला आहे.

मुंबईची सिने म्युझिशियन्स असोसिएशन १९५० च्या दशकाच्या आरंभी उभी राहिली. पुढे ती फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज या चित्रपट कामगारांच्या महासंघाशी जोडली गेली. तिचं काम काय? वरवर पाहता रुक्ष. शिफ्टचा दर ठरवणं, जादा वेळाचे पैसे लावणं, थकबाकी वसूल करून देणं आणि वादकांची प्रतवारी लावणं.

या प्रतवारीपाशी थोडं थांबू. आकाशवाणीतही ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’, ‘टॉप’ अशा श्रेणी असतात, त्या आपल्याला माहीत आहेत. तिथं श्रेणी देणारं सरकार. इथं वादकांच्या संघटनेनंच ती जबाबदारी उचलली. कुणी म्हणेल, कलेला कसली प्रत लावता? पण प्रत लावली नाही, तर दर कोण ठरवतो? ज्याच्या हातात पाकीट आहे तो. मोजमाप नको असं म्हणून मोजमाप टळत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या हाती जातं. संघटनेनं ते स्वतःकडे घेतलं, हे तिचं मोठं काम आहे असं आम्हाला वाटतं. १९८१ च्या सिने-कामगार कायद्यानं तर ‘सिने-कामगार’ या व्याख्येतच वादकाचा स्पष्ट उल्लेख केला. मघाच्या प्रश्नाचं एक उत्तर कायद्यानं दिलं: होय, वादक कामगार असतो.

मग यंत्र आलं. इथं ॲरिस्टॉटल आठवतो. ‘पॉलिटिक्स’मध्ये तो म्हणतो की धोटा आपोआप विणू लागला आणि नखी आपोआप तंतुवाद्य छेडू लागली, तर धन्याला नोकरांची गरज उरणार नाही. दोन उदाहरणांपैकी एक विणकराचं, दुसरं वादकाचं! मुंबईत दोन्ही खरी ठरली. गिरण्यांचं आपण पाहिलं. वादकांच्या बाबतीत आधी सिंथेसायझर आला, मग संगणक, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत शंभर जणांनी एका खोलीत बसून एका दमात गाणं वाजवण्याची पद्धत जवळपास संपली. वादक एकेकटा येतो, आपला भाग वाजवतो आणि जातो. त्याचा परिणाम नुसता कमाईवर झाला नाही. एका खोलीत बसणंच संपलं, तर दराची चर्चा कुठे होणार?

अमेरिकेतल्या वादकांनी हे संकट आधी पाहिलं होतं. १ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांच्या फेडरेशननं जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. मुद्दा असा होता की आम्ही एकदा वाजवतो आणि ती तबकडी हजारदा वाजून आमचंच काम खाते. बहिष्कार दोन वर्षांहून अधिक चालला. शेवटी कंपन्यांनी विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर संघटनेच्या निधीला रक्कम देणं मान्य केलं, आणि त्या निधीतून लोकांसाठी विनाशुल्क मैफली झाल्या. म्हणजे यंत्राला विरोध न करता यंत्राच्या कमाईत वाटा मागितला. हा फरक महत्त्वाचा आहे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. संघटना दार उघडते तशी बंदही करते. सभासद नसलेल्या गुणी तरुणानं काय करायचं? ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं एका निर्मात्याच्या तक्रारीवर आदेश दिला. फक्त सभासदांनाच काम द्या, अशा धर्तीच्या महासंघाच्या अटी स्पर्धेला बाधक ठरवून त्या थांबवायला सांगितलं. आक्षेपात तथ्य आहे. पण मागे अमेरिकेच्या १९१४ च्या कायद्यानं एक तत्त्व नोंदवलं होतं, माणसाचे श्रम म्हणजे बाजारातला माल नव्हे, तेही विसरू नये. सिमेंटवाल्यांनी दर एकत्र ठरवणं आणि वादकांनी ठरवणं या गोष्टी सारख्या नाहीत. सिमेंट गोदामात ठेवता येतं. आजची रिकामी गेलेली शिफ्ट उद्या विकता येत नाही.

पण एक गोष्ट संघटनेलाही मोजता आली नाही: नाव. अँथनी गोन्साल्विस हे नाव ‘अमर अकबर अँथनी’मुळे (१९७७) देशभर झालं. ते गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर होते, प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि ते नाव म्हणजे शिष्याची गुरुदक्षिणा, हे किती जणांना ठाऊक आहे? बाकीच्या शेकडो वादकांची तर नावंही श्रेयनामावलीत आली नाहीत.

हा केवळ मानाचा प्रश्न नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं सादरकर्त्याला व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. मात्र ‘सादरकर्ता’ कोण, हे सांगताना एक अट घातली. चित्रपटातलं ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा अनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयात येत नाही, तो सादरकर्ता मानला जाणार नाही. आपली कामगिरी विकृत केली तर आक्षेप घेणं, एवढाच हक्क त्याला उरतो. नीट बघा, काय झालं. नाव न देण्याची धंद्याची जुनी सवय आता हक्क नाकारायच्या कामी येऊ शकते. गाण्यातला सरोदचा तुकडा किरकोळ आहे की नाही, यावर वाद घालता येईल. पण नावच नसेल, तर वाद घालणारा मुळातच अर्ध्यावर हरलेला असतो.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच. वादक कामगार असतो, आणि त्याला शिफ्टचा हिशेब मिळालाच पाहिजे. पण तो नुसता तासांचा धनी नाही. त्याचा बोटांचा लगाव दुसऱ्या कुणाचा नसतो, आणि आज तोच नमुना म्हणून साठवला जातो, पुन्हा पुन्हा वापरला जातो. तासांचे पैसे एकदा मिळतात. नमुना कितीदा वाजेल याला सीमा नाही. संघटनेची पहिली पिढी दरासाठी भांडली. पुढच्या पिढीला नावासाठी भांडावं लागेल, आणि ते एकेकट्यानं होणार नाही. ऐकणाऱ्यांत कुणी वादक असतील तर त्यांनी दोन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय माइकसमोर बसू नये: आपलं नाव कुठे येणार, आणि वाजवलेलं पुन्हा वापरलं तर काय मिळणार. आणि आपण श्रोत्यांनी गाणं आवडलं की गायकाच्या पुढचीही नावं विचारावीत.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू.