इंटेलच्या मशीनवर 'एएमडी६४' चालतं

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला निघालेली मंडळी एकाच जागी अडताना दिसतात. उबंटूच्या फाइलच्या नावात 'एएमडी६४' असतं, आणि प्रश्न येतो : "माझा तर इंटेलचा आय५ आहे, इंटेलवाली फाइल कुठाय?" मग कुणीतरी ठासून सांगतं, "ती एएमडीवाल्यांची, तू आय३८६ घे."

हा सल्ला साफ चुकीचा आहे. राग याचा येतो की, तो देणारा ठाम असतो आणि भुर्दंड नवख्याला बसतो. आय३८६ म्हणजे ३२-बिट. उबंटूने त्याची डेस्कटॉप आवृत्ती १७.१० पासूनच काढायची थांबवली, डेबियन १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलरही नाही. म्हणजे चांगल्या ६४-बिट मशीनवर वर्षानुवर्षं जुनी, सुरक्षा अपडेट नसलेली प्रणाली येऊन बसते.

मग नावात एएमडी का? ६४-बिटकडे जाताना इंटेलने इटॅनियमची वेगळी वाट धरली. २००१ मध्ये आलेल्या त्या चिपचा सूचनासंच अगदी निराळा होता, जुने प्रोग्राम तिच्यावर रडतखडत चालत. एएमडीने मात्र जुना एक्स८६ संचच ६४ बिटपर्यंत वाढवला आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन बाजारात आणला. २००४ मध्ये इंटेलनेही तोच मार्ग आपल्या झिऑनमध्ये स्वीकारला. आराखडा आधी एएमडीचा, म्हणून नाव एएमडी६४. एक्स६४ आणि एक्स८६-६४ ही त्याचीच दुसरी नावं. तरी शंका असेल तर डेबियनची इन्स्टॉलेशन मार्गदर्शिका उघडा. तिच्या तक्त्यात एएमडी६४ आणि इंटेल ६४ एकाच ओळीत आहेत, दोघांसाठी आवृत्ती एकच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एक्स८६ म्हणजे ८६ बिट नव्हे. ते नाव १९७८च्या ८०८६ चिपवरून आलं. रॅम ४ जीबी आहे म्हणून मशीन ३२-बिट ठरत नाही, ते प्रोसेसर ठरवतो. एम१ आणि त्यापुढच्या मॅकला मात्र एएमडी६४ नको, तिथे एआरएम६४ लागतं.

विंडोज ३२-बिट असलं तरी खालचा प्रोसेसर ६४-बिट असू शकतो. म्हणून डाउनलोड करण्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि 'सिस्टिम टाइप'ची ओळ शेवटपर्यंत वाचा. तिथे 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असेल, तर चिप इंटेलची असो की एएमडीची, बिनधास्त एएमडी६४ घ्या.