सातारा पाहावा कसा?

सातारा पाहावयास येणाऱ्या मंडळींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी मोटारीने अजिंक्यताऱ्यावर जावयाचे, तटावरून चार छायाचित्रे घ्यावयाची, खाली येऊन कंदी पेढ्यांचा पुडा बांधून घ्यावयाचा आणि दुपारच्या आत कासचे पठार किंवा सज्जनगड गाठावयाचा. मधले शहर तेवढे पाहावयाचे राहून जाते. "गावात पाहण्याजोगे आहे काय? अरुंद रस्ते आणि जुनी घरे!" असा शेराही वर ऐकावयास मिळतो. ज्याने या गावातील मुलांना आयुष्यभर इतिहास शिकविला, त्याला हे ऐकून वाईट वाटणारच. सातारा हे डोंगरावरून खाली उतरत आलेले शहर आहे. ते त्याच वाटेने, वरून खाली आणि शक्यतो पायी पाहिले म्हणजे त्याचा उलगडा होतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

चीनमधील शीआन या प्राचीन राजधानीस मिंग राजवटीतील नगरकोट आजही आहे. त्याची लांबी सुमारे चौदा किलोमीटर असून अर्वाचीन शहर त्याच्या आत-बाहेर दोहींकडे पसरले आहे. तेथील प्रवाशास प्राचीन कोणते आणि नवे कोणते, हे तो तटच दाखवून देतो. साताऱ्यास असा कोट नाही. येथे ते काम डोंगराचा उतार करतो.

प्रथम किल्ला घेऊ. शिवछत्रपतींनी तो १६७३ साली जिंकला. पुढे राजाराम महाराजांनी राजधानी येथे आणली. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब बादशहा जातीने वेढा घालून बसला. प्रयागजी प्रभूंनी किल्ला चार महिन्यांहून अधिक काळ लढविला आणि एप्रिल १७०० मध्ये तो बादशहाच्या हाती गेला. तटावर उभे राहिले की, दूरवरचा मुलूख आणि तळावरची छावणी कशी दिसत असेल, हे सहज उमगते. पण तेथील तळीही अवश्य पाहावीत. ती पावसावर भरणारी. मोजक्या शिबंदीस त्यांचे पाणी पुरेल. बाजारपेठेस, कारखान्यांस, हजारो कुटुंबांस पुरणार नाही. किल्ल्यावर लढाई करता येते, संसार मांडता येत नाही.

म्हणून १७०८ साली राज्याभिषेक झाल्यावर शाहू महाराजांच्या कारकीर्दीत वस्ती पायथ्याशी वाढली. सोमवारापासून शनिवारापर्यंत वारांच्या नावांच्या पेठा, व्यंकटपुरा, चिमणपुरा, यादोगोपाळ पेठ, माची ही नावे वाचत चालले तरी जुन्या गावाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. या गावाला जगविले ते पश्चिमेकडील डोंगरांच्या पाण्याने. यवतेश्वराच्या कुशीतील महादरे तळ्याचे पाणी खापरी नळांतून गावातील हौदांत येत असे. मोती तळे, मंगळवार तळे, फुटके तळे ही त्या काळच्या व्यवस्थेची स्मारके होत. पुढे सुमारे पंचवीस किलोमीटरांवरील कासच्या तलावाचे पाणी आले. कास उंचावर आणि शहर खाली असल्याने ते उताराच्या जोरावरच येते. पंपाची जरूर नाही. ज्या वाटेने गाव खाली उतरले, त्याच न्यायाने त्याचे पाणीही उतरले. कासची फुले पाहण्यास लोक लांबून येतात. पण शेजारचा तो तलाव एका शहराची तहान भागवितो, हे किती जणांच्या ध्यानात येते?

पेठा ओलांडून खाली आले की राजवाडा लागतो. प्रतापसिंह महाराजांनी जुना राजवाडा १८२४ च्या सुमारास बांधविला. इंग्रजांनी त्यांना १८३९ साली पदच्युत करून काशीस धाडले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला, आणि १८४८ साली राज्य खालसा झाले. राजवाडा मात्र ओस पडला नाही. तेथे सरकारी हायस्कूल भरू लागले. त्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

येथे थोडे थांबावे. साताऱ्यातील आपल्या शाळकरी दिवसांच्या आठवणी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई जागेवर नसला तर तहान. डोंगरावरचे पाणी कोसांवरून गावात आणणारे हे शहर. परंतु नळापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या ओंजळीत ते आपण होऊन पडू शकले नाही.

मी एकदा मुलांना घेऊन राजवाड्यापाशी गेलो होतो. प्रतापसिंह महाराजांच्या सनावळ्या मी मोठ्या उत्साहाने सांगत असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, तो नळ कोठे होता?" मला सांगता आले नाही. इतकी वर्षे त्या वास्तूत मी फक्त राजा पाहत होतो, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून प्रत्येक जुन्या जागी मी दोन प्रश्न विचारतो : येथे पाणी कोठून येत होते? आणि ते कोणास मिळत होते?

याच शहरात या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणारे एक गृहस्थही होऊन गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे स्थापिलेली रयत शिक्षण संस्था १९२४ साली साताऱ्यास आणली. त्यांच्या शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. राजवाडा पाहून झाल्यावर ते पाहिल्यावाचून परतू नये.

पुढचा उतार नव्या काळाचा. इंग्रजांच्या कॅम्पापाशी वसलेला सदर बझार, एस. टी. स्थानकाजवळचे शिवाजी महाराज संग्रहालय, आणि पोवई नाका. २०२१ पासून नाक्यावरील वाहने जमिनीखालच्या मार्गानेही जातात. त्याही पुढे हमरस्ता आणि माहुलीकडील आगगाडीचे स्थानक. शहराची उतरण अद्याप थांबलेली नाही. काही भागांना आता उरमोडीचे पाणी पंपाने वर चढवून द्यावे लागते, आणि जुन्या पेठांतील वाडे एकेक करून उतरविले जात आहेत. ते सारे राहतील अशी आशा मी धरीत नाही. राहणाऱ्यांना छप्पर धड हवे, हेही खरे. परंतु वाडा पाडण्यापूर्वी त्यातला हौद, नळ, ओटा कोठे होता, एवढे तरी घरातील मुलांना दाखवून ठेवावे.

या फेरीस तीन-चार तास पुरतात. पाऊस सरल्यावर, सकाळी लवकर, गडावरून निघावे. पेढे मात्र शेवटी घ्यावेत. वाटेत घेतले तर खाली पोहोचेपर्यंत उरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.