व्हीपीएनच्या सुरक्षा-मांडणीतील बदलानंतर खंडित होणारी इंटरनेट जोडणी : वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या संदर्भात कारणमीमांसा व उपाय

बीजसंज्ञा : व्हीपीएन, इंटरनेट जोडणी, किल स्विच, डीएनएस, महाविद्यालयीन संगणक-व्यवस्था

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या कामकाजातील फार मोठा भाग आज संगणकाच्या पडद्यावर पार पडतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण नोंदविणे, परीक्षा-अर्जांची पडताळणी, नॅकचा स्वयं-अध्ययन अहवाल, अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणाची माहिती ही सर्व कामे विहित मुदतीत व इंटरनेटद्वारेच करावी लागतात. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरील संगणकातून प्रश्नपत्रिका उतरवून घेण्याची पद्धतही अनेक विद्यापीठांनी स्वीकारली आहे. अशा वेळी संगणकाच्या सुरक्षेत वाढ करावी या सद्हेतूने कोणी व्हीपीएनच्या मांडणीत एखादा बदल करतो आणि दुसऱ्याच क्षणी इंटरनेट बंद पडते. त्यानंतर घाबरून केलेले उपाय बहुधा मूळ बिघाडापेक्षा अधिक हानिकारक ठरतात. प्रस्तुत लेखात या बिघाडाची कारणे व ती ओळखण्याचा क्रम यांचा विचार केला आहे.

व्हीपीएन : एक शब्द, तीन अर्थ

व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. अनेक महाविद्यालयांना हा शब्द प्रथम परिचित झाला तो एका शासकीय योजनेमुळे. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान ३ फेब्रुवारी २००९ रोजी सुरू झाले. त्या अंतर्गत विद्यापीठांना १ गिगाबिट क्षमतेची प्रकाशतंतू जोडणी, तर महाविद्यालयांना प्रामुख्याने भारत संचार निगममार्फत प्रत्येकी ५१२ किलोबिट क्षमतेच्या व्हीपीएन ब्रॉडबँड जोडण्या देण्याची तरतूद होती. खर्चाचा ७५ टक्के भार केंद्राने व २५ टक्के संस्थेने उचलावयाचा होता. या योजनेतील व्हीपीएन दूरसंचार कंपनीच्या बाजूने रचलेले होते. प्राध्यापकाने बदलावे असे त्यात फारसे काही नव्हते.

दुसरा अर्थ दूरस्थ प्रवेशाचा. घरी बसून संस्थेच्या अंतर्गत संगणकांपर्यंत पोचण्याचा हा सुरक्षित मार्ग होय. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर त्याची गरज एकाएकी वाढली. तिसरा अर्थ व्यापारी व्हीपीएनचा, जे भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांत बसविता येते. येथे विचार करावयाचा बिघाड दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत संभवतो. तक्रार नोंदविताना कोणते व्हीपीएन ते सांगितले जात नाही आणि प्रयोगशाळा-सहायक भलत्याच ठिकाणी शोध घेत राहतो.

बिघाडाचे स्वरूप

व्हीपीएनचे कार्य टपालाच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. अमरावतीच्या एखाद्या गृहस्थाने आपले प्रत्येक पत्र दुसऱ्या बंद लिफाफ्यात घालून आधी अकोल्यास पाठवावे व तेथील विश्वासू मनुष्याने ते उघडून पुढे रवाना करावे, अशी ही व्यवस्था आहे. वाटेत पत्र कोणास वाचता येत नाही, हा लाभ. परंतु अकोल्याच्या मनुष्याने दार उघडले नाही, तर मुंबईचेच काय, शेजारच्या बडनेऱ्याचे पत्रही अडून राहते. टपालखाते त्या वेळी सुरळीत चालू असते. व्हीपीएनच्या मांडणीत बदल केल्यावर इंटरनेट गेले असे वाटते, तेव्हा बहुसंख्य वेळा इंटरनेट जागेवरच असते आणि संगणक त्यास दिलेल्या आज्ञेचे तंतोतंत पालन करीत असतो. ती आज्ञा कोणती, हे शोधणे म्हणजेच निदान.

प्रथम करावयाची तपासणी

सर्वप्रथम त्याच वायफायवर दुसरे उपकरण चालते काय ते पाहावे. तेही चालत नसेल तर दोष जोडणीत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात उसळलेल्या हिंसाचारानंतर प्रशासनाने इंटरनेट सेवा काही दिवस स्थगित केली होती. अशा प्रसंगी संगणकाची मांडणी उलटसुलट करून काहीच साधत नाही.

दुसरे उपकरण चालत असेल, तर व्हीपीएन तोडून पाहावे. ते तोडताच इंटरनेट परत आले, तर दोष बोगद्याच्या मार्गात आहे. तोडूनही आले नाही, तर बदललेल्या मांडणीचा अवशेष संगणकात राहिला आहे. यानंतर आज्ञापटलावर पिंग ही आज्ञा देऊन ८.८.८.८ या अंकी पत्त्यास हाक द्यावी आणि मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावास. अंकी पत्ता उत्तर देतो पण नाव देत नाही, असे आढळल्यास दोष नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस सेवेचा आहे. काही जाळ्यांत पिंगला उत्तर देणेच बंद केलेले असते, म्हणून केवळ या एका कसोटीवर विसंबू नये. तथापि एवढ्या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत व शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते.

किल स्विच

व्यापारी व्हीपीएनच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ या एका सुविधेने होतो. बोगदा तुटला तर उघड्या मार्गाने काहीही जाऊ नये, म्हणून ती संगणकाची सर्व वाहतूक रोखते. वापरकर्ता सुरक्षा वाढविण्यासाठी संकेतनाची पद्धत बदलतो. नव्या पद्धतीने बोगदा तयार होत नाही. किल स्विच आपले काम चोख बजावतो आणि इंटरनेट बंद होते. येथवर सारे नियमाप्रमाणेच घडते. खरी अडचण पुढे येते. चिडलेला वापरकर्ता तो प्रोग्राम काढून टाकतो, परंतु त्याने विंडोजच्या गाळणी-व्यवस्थेत लिहिलेले नियम कधीकधी मागे राहतात. आज्ञा देणारा निघून जातो आणि आज्ञा मात्र कायम राहते. अशा वेळी तोच प्रोग्राम पुन्हा बसवावा, किल स्विच बंद करावा, संगणक पुन्हा सुरू करावा व मगच प्रोग्राम काढावा. हा उपाय उलट दिशेने जाणारा वाटला तरी तोच सरळ आहे.

अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर हीच सुविधा यंत्रणेच्या व्हीपीएन-मांडणीत असते. व्हीपीएन सदैव चालू ठेवणे आणि व्हीपीएनविना होणाऱ्या जोडण्या रोखणे, अशा आशयाचे दोन पर्याय तेथे दिसतात. दुसरा पर्याय चालू राहिल्यास व बोगदा न जुळल्यास भ्रमणध्वनीवरील इंटरनेट ठप्प होते.

इतर अवशेष

डीएनएसचा दोष याच जातीचा आहे. व्हीपीएन जोडताना संगणकास संस्थेच्या अंतर्गत डीएनएसचा पत्ता दिला जातो, जो केवळ बोगद्यातूनच गाठता येतो. बोगदा गेल्यावर पत्ता तसाच राहिला, तर कोणतेही नाव उलगडत नाही. जाळ्याच्या गुणधर्मांत डीएनएस आपोआप मिळण्याचा पर्याय निवडून साठवलेली जुनी उत्तरे पुसल्यास हा दोष दूर होतो. पिंग चालते परंतु ब्राउझरमध्ये पाने उघडत नाहीत, असे दिसल्यास प्रॉक्सीची मांडणी तपासावी. ज्या प्रयोगशाळांत पूर्वी प्रॉक्सी सर्व्हर होता, तेथील संगणकांत त्याचा जुना पत्ता आजही सापडतो.

विंडोजमधील दूरस्थ प्रवेशात आणखी एक पर्याय विचारात घ्यावा लागतो. दूरस्थ जाळ्याचा गेटवे मूलभूत मानावा, अशी खूण तेथे असते. ती असेल तर सर्व वाहतूक संस्थेकडे वळते, आणि संस्थेचा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटकडे वाट देत नसेल तर व्हीपीएन जुळलेले दिसूनही एकही संकेतस्थळ उघडत नाही. खूण काढली की इंटरनेट परत येते. मात्र त्यानंतर घरचा संगणक एकाच वेळी उघड्या इंटरनेटला व संस्थेच्या अंतर्गत जाळ्याला जोडलेला राहतो. ही जोखीम पत्करावयाची की नाही, हा निर्णय संस्थेचा आहे. प्राध्यापकाने तो परस्पर घेऊ नये. परीक्षा विभागाच्या संगणकावर तर तो घेऊच नये.

काही पाने उघडतात, काही अर्धवट थांबतात. लहान संदेश जातो पण जोडलेली संचिका अडकते, हे लक्षण निराळे आहे. इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट, तर ब्रॉडबँडच्या पीपीपीओई पद्धतीत १४९२ बाइट असते. व्हीपीएनचा बाहेरचा लिफाफा त्यातूनच जागा घेतो. अधिक कडक संकेतन निवडले की लिफाफा जाड होऊ शकतो व मोठी पाकिटे वाटेत गळतात. व्हीपीएन जोडणीची ही मर्यादा १४०० किंवा त्याहून थोडी कमी केल्यास बहुधा मार्ग मोकळा होतो.

बोगदाच न जुळणे

पीपीटीपी ही पद्धत १९९९ मध्ये प्रमाण-दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली व आता ती असुरक्षित मानली जाते. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० मधून ती वगळली; अँड्रॉइड १२ पासून तिची नवी जोडणी निर्माण करता येत नाही. संस्थेने सर्व्हरवर आयकेईव्ही२ किंवा ओपनव्हीपीएन स्वीकारले असेल, तर जुनी मांडणी असलेले संगणक बाहेर राहणारच. उलट, दर्यापूर वा मूर्तिजापूरसारख्या ठिकाणाहून भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यास पीपीटीपी बहुधा जुळत नाही, कारण एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याच्या व्यवस्थेतून तिची पाकिटे सहसा पार होत नाहीत.

संगणकाचे घड्याळ हे उपेक्षित कारण आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला की जुना संगणक सुरू होताना कित्येक वर्षे मागची तारीख दाखवितो. प्रमाणपत्रावर आधारलेली सुरक्षा त्या तारखेस वैध ठरत नाही, आणि व्हीपीएनबरोबर सुरक्षित संकेतस्थळेही नाकारली जातात. नवा सेल बसविला व तारीख दुरुस्त केली की काम भागते. त्यासाठी संपूर्ण यंत्रणा नव्याने बसविल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

कित्येकदा दोष वापरकर्त्याचा नसतोच. मायक्रोसॉफ्टच्या ११ जानेवारी २०२२ च्या सुरक्षा-अद्ययावतीकरणानंतर विंडोजमधील एल२टीपी जोडण्या अयशस्वी होऊ लागल्या; त्यावरील दुरुस्ती १७ जानेवारीस आली. एप्रिल २०२४ च्या अद्ययावतीकरणानंतरही व्हीपीएन जोडण्या अयशस्वी होण्याच्या तक्रारी आल्या व मे महिन्यात दुरुस्ती मिळाली. म्हणून मांडणी बदलली त्याच सुमारास यंत्रणा अद्ययावत झाली होती काय, हेही पाहावे.

टाळावयाच्या गोष्टी

फायरवॉल व विषाणूरोधक प्रोग्राम सरसकट बंद करणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक उपाय होय. फायरवॉलने अडविले असेल तर त्या व्हीपीएनपुरती परवानगी द्यावी. विंडोज १० व ११ मधील जाळे पूर्ववत करण्याची सोय शेवटीच वापरावी, कारण ती जाळ्याचे सर्व घटक काढून नव्याने बसविते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत संगणकांना अनेकदा स्थिर पत्ते दिलेले असतात. ते पुसले गेल्यास एका संगणकाचा बिघाड सोडविताना दुसराच उभा राहतो. पत्ता, गेटवे व डीएनएस हे आकडे आधी नोंदवहीत उतरवून घ्यावेत आणि एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा.

ग्रंथालयीन ई-साधने व व्हीपीएन

अनेक प्राध्यापक केवळ नियतकालिके वाचण्यासाठी व्हीपीएनच्या भानगडीत पडतात. इन्फ्लिबनेट केंद्राच्या २०१० मध्ये सुरू झालेल्या एन-लिस्ट उपक्रमात सदस्य महाविद्यालयाच्या प्राध्यापकास स्वतंत्र वापरकर्तानाम व संकेतशब्द मिळतो. तेथे व्हीपीएनची गरज नाही. विद्यापीठीय परिसरात मात्र अनेक प्रकाशक संस्थेच्या अंकी पत्त्यावरून वाचकाची ओळख पटवितात. परिसरात बसून व्यापारी व्हीपीएन चालू ठेवल्यास तो पत्ता झाकला जातो आणि वर्गणी भरलेले नियतकालिकही बंद दिसते. इंटरनेट चालू असूनही लेख उघडत नाही अशी तक्रार आल्यास ग्रंथपालाने प्रथम वाचकाच्या संगणकावरील व्हीपीएन बंद करावयास सांगावे.